कॅज्युअल्टीत 'छातीत दुखतंय' म्हणत चालत आलेला पेशंट: घरी पाठवायच्या आधी काय काय बघायचं

पुण्यात नव्यानं कॅज्युअल्टीत (हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात) उभे राहणाऱ्यांसाठी हे लिहितोय, म्हणजे इंटर्न, नुकतेच जॉइन झालेले सीएमओ (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर), छोट्या हॉस्पिटलात रात्रपाळीला एकटेच असणारे आरएमओ (निवासी डॉक्टर). विषय एकच, पेशंट चालत येतो, नीट बोलतो, बीपी ठीक असतं, पण छातीत दुखतंय म्हणतो. ज्याला दरदरून घाम सुटलाय आणि ईसीजीत एसटी (ठोक्याच्या मोठ्या लाटेनंतरचा रेघेचा भाग) वर गेलाय त्याचं काय करायचं हे सगळ्यांनाच कळतं, कॅथलॅबला (अँजिओग्राफीच्या खोलीत) फोन जातो आणि धावपळ सुरू होते. अवघड असतो तो हा दुसरा, चालत आलेला. अशांपैकी बहुतेकांना हार्ट अटॅक नसतोच, पण थोड्यांना असतो आणि दारात उभे असताना दोघं अगदी सारखेच दिसतात. म्हणून एक गोष्ट आधी पक्की करा, 'लो-रिस्क' हे पेशंटकडे बघून लावायचं लेबल नाही, सगळं तपासून झाल्यावर शेवटी लावायचं आहे.

पहिली १० मिनिटं

पेशंट आत आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे आणि तो वाचता येणाऱ्या माणसानं बघितला पाहिजे. यातला दुसरा भाग राहून जातो. ईसीजी निघतो, केस पेपरला पिन मारून टेबलावर पडतो, आणि डॉक्टर पलीकडे कुणाला तरी टाके घालत असतात. ड्युटी सुरू होतानाच सिस्टरना सांगून ठेवा की छातीच्या पेशंटचा ईसीजी निघाला की मी कुठेही असलो तरी माझ्या हातात आणून द्या, आणि बघितला की त्यावर वेळ टाकून सही करा. नातेवाईक काउंटरवर पेपर काढतायत, डिपॉझिट भरायचंय, यापैकी कशासाठीही ईसीजी थांबवायचा नाही.

कुणाचा काढायचा? जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही दुखणं, जळजळ, दडपण, कारण सापडत नाही असा दम, अचानक चक्कर येऊन पडणं, या सगळ्यांचा. शुगर असलेल्या साठीतल्या मावशी 'पित्त झालंय, उलटी होतीये, एक इंजेक्शन द्या' म्हणत आल्या तरी आधी ईसीजी, मग इंजेक्शन.

ईसीजी निघेपर्यंत पल्स, दोन्ही हातांचं बीपी, ऑक्सिजन, श्वासाचा वेग आणि शुगर बघून घ्या. दोन्ही हातांचं बीपी का ते पुढे येईलच. आणि पेशंटकडे नुसतं नीट बघा, चेहरा पांढरा पडलाय का, कपाळ ओलं आहे का, बोलताना वाक्य तुटतंय का. यातलं काही असेल, बीपी कमी असेल, किंवा दुखणं अजून तसंच जोरात चालू असेल, तर तो लो-रिस्कच्या वाटेवरचा पेशंट नाही, त्याला मॉनिटरवर घ्या, सीनिअरला बोलवा, पुढचं सगळं त्याच्यासाठी नाही.

ईसीजी वाचताना

आधी ईसीजी बरोबर काढलाय का बघा. छातीवरच्या लीड व्ही१ आणि व्ही२ चौथ्या बरगडीखालच्या फटीत म्हणजे फोर्थ इंटरकोस्टल स्पेसमध्येच लागायला हवेत, घाईत ते सर्रास वर लागतात आणि मग टी (एसटीनंतरची लहर) उलटी दिसते, नाहीतर जुना अटॅक असल्यासारखं वाटतं. लीड वनमध्ये सगळंच उलटं दिसलं तर आधी हाताच्या वायरी बदलल्यात का ते तपासा. बायकांचा ईसीजी काढताना पडदा ओढा, सिस्टर सोबत असू द्या आणि लीड नीट जागेवर लावा, संकोचामुळे कुठेही लावलेल्या लीडनं बाईचंच नुकसान होतं. स्पीड २५ आणि व्होल्टेज १० आहे ना, एवढी एक नजर टाका.

मशीन वरती 'नॉर्मल ईसीजी' छापून देतं त्यावर जाऊ नका. माझी बघायची सवय अशी आहे की ठसठशीत एसटी वर गेलेला नसेल तर मुद्दाम चार जागी परत बघायचं. पहिली, एव्हीएल ही लीड, कारण खालच्या भिंतीचा अटॅक सुरू होताना कधीकधी एव्हीएलमधला एसटी खाली जाणं किंवा टी उलटी होणं हेच आधी दिसतं, लीड थ्रीमध्ये अजून नीट काही आलेलं नसतं. दुसरी, व्ही२-व्ही३ मधली टी, ती शेजारच्या क्यूआरएसच्या (ठोक्याच्या टोकदार मोठ्या लाटेच्या) मानानं खूप मोठी, रुंद आहे का. तिसरी, व्ही१ ते व्ही४ मधला खाली गेलेला एसटी, तो दिसला तर पाठीमागे व्ही७ ते व्ही९ लावून परत काढा, पोस्टेरिअर म्हणजे हृदयाच्या मागच्या भिंतीचा अटॅक नेहमीच्या बारा लीडमध्ये तोंड लपवतो आणि पाठीच्या लीडमध्ये अर्धा मिलिमीटर वर गेलेला एसटीही पुरेसा असतो. चौथी, एव्हीआर या लीडमध्ये एसटी वर आणि बाकी बऱ्याच लीडमध्ये एसटी खाली, हे दिसलं की थेट सीनिअरला फोन.

वेलन्स नावाचा ईसीजीचा नमुना वेगळा सांगतो कारण हा नेमका 'आता बरं वाटतंय' म्हणणाऱ्या पेशंटमध्ये दिसतो. दुखणं येऊन गेलेलं, पेशंट आरामात बसलेला, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) नॉर्मल किंवा किंचित वर, आणि व्ही२-व्ही३ मध्ये टी आधी वर मग खाली, किंवा खोल उलटी. हे एलएडीच्या (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या धमनीच्या) सुरुवातीलाच मोठा ब्लॉक असल्याचं लक्षण असू शकतं, १९८२ पासून माहीत असलेली गोष्ट आहे. अशा पेशंटला ट्रेडमिलवर पळवायचं नाही आणि घरीही पाठवायचं नाही.

जुना ईसीजी मागा. आपल्याकडे एक चांगलं आहे, लोक सगळे रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतात, आणि पिशवी घरी राहिली असेल तर मुलीला फोन करून व्हॉट्सॲपवर फोटो पाच मिनिटांत येतो. टी उलटी जुनीच आहे की आजची, याचं उत्तर त्या फोटोत असतं. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी दुखणं चालू असेल किंवा परत आलं तर १५ ते ३० मिनिटांनी दुसरा काढा. ईसीजी हा त्या दहा सेकंदांचा असतो, अटॅक तासाभरात पुढे सरकत असतो.

हिस्टरी, आणि इथे वेळ घालवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात जास्त माहितीही इथेच मिळते, म्हणून खुर्ची ओढा आणि बसा. उभ्यानं विचारलं की पेशंट एका शब्दात उत्तर देतो आणि तो शब्द बहुतेक वेळा 'गॅस' असतो.

गॅस ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायचाच, म्हणजे नक्की काय होतंय? मग खरं बाहेर येतं. आवळल्यासारखं होतंय, छातीवर कुणीतरी बसलंय, भरून आलंय, दडपण आलंय, जीव घाबरा होतोय, डावा हात जड पडलाय, दात-जबडा दुखतोय, घशाशी काहीतरी अडकलंय. आवळणं, दडपण, जडपणा या बाजूला असेल तर काळजी वाढते. चमक मारतीये, एका बोटानं दाखवता येते, श्वास घेतला की टोचतंय, कुशीवर वळलं की दुखतंय, ही बाजू थोडी दिलासा देणारी. 'थोडी' हे मुद्दाम म्हणतोय, कारण दाबल्यावर दुखणाऱ्या छातीतही अटॅक असू शकतो, शक्यता कमी होते, संपत नाही.

कधी सुरू झालं हे घड्याळात विचारा. 'सकाळपासून' चालणार नाही. दूध आणायला गेलात तेव्हा होतं का, पेपर वाचताना होतं का, असं विचारलं की वेळ बरोबर सापडते, आणि ही वेळ पुढे ट्रोपोनिनसाठी लागणार आहे. एकदा आलं की किती वेळ राहतं? दोन-चार सेकंदांची चमक वेगळी आणि वीस मिनिटं बसून राहिलेलं दडपण वेगळं.

मग श्रमाचा प्रश्न, हा मी सगळ्यात वरचा मानतो. 'चालल्यावर दम लागतो का' असं विचारू नका, बरेच लोक नाही म्हणतात कारण त्यांनी चालणंच कमी केलेलं असतं. त्याऐवजी त्यांच्या रोजच्या कामातून विचारा. पर्वतीच्या पायऱ्या चढता का, मध्ये थांबावं लागतं का, मागच्या महिन्यात लागत होतं का? मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घरापर्यंत येता का? लिफ्ट बंद पडली तर तिसऱ्या मजल्यावर जाताना काय होतं? दर रविवारी सिंहगड चढणारा माणूस गेले दोन रविवार अर्ध्यातून परत आला असेल तर तो ट्रोपोनिन नॉर्मल असला तरी लो-रिस्क नाही. अनस्टेबल अँजायनात (हृदयाला रक्त कमी पडून वाढत चाललेलं, पण अजून अटॅक न झालेलं दुखणं) ट्रोपोनिन वर जात नाही, तो पुष्कळदा फक्त हिस्टरीतच दिसतो. हल्ली सुरू झालेलं, वाढत चाललेलं, कमी श्रमात यायला लागलेलं किंवा बसल्या जागी आलेलं, यापैकी काहीही असेल तर ते केस पेपरवर ठळक लिहा.

दुखणं दोन्ही हातांत किंवा उजव्या हातात जात असेल तर ते डाव्या हाताइतकंच गंभीर धरा. सोबत घाम आला होता का, उलटी झाली का, हेही विचारा, आणि घाम पेशंटपेक्षा बायकोला किंवा मुलाला विचारा, 'शर्ट भिजला होता का?' याचं उत्तर ते लगेच देतात.

दोन गोष्टींवर भरवसा ठेवायचा नाही. अँटासिडचं औषध प्यायल्यावर बरं वाटलं म्हणून ते पित्तच, असं नाही. आणि जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी नायट्रेटची गोळी) ठेवल्यावर बरं वाटलं म्हणून हार्टच, असंही नाही. दोन्हीकडून फसगत होते.

बायकांबद्दल थोडं सविस्तर. त्यांनाही छातीत दुखतंच, पण त्या सांगायला सुरुवात थकव्यापासून, पाठीपासून, मळमळीपासून करतात आणि समोरचा डॉक्टर तिथेच थांबतो. गौरी-गणपतीच्या दिवसांत दोन दिवस दुखणं अंगावर काढून तिसऱ्या दिवशी आलेल्या बाईला 'दगदग झाली असेल' म्हणून परत पाठवणं फार सोपं असतं. मुद्दाम विचारा, छातीत काही झालं होतं का, कधी, किती वेळ. म्हातारी माणसं आणि जुनी शुगर असलेले पेशंट, यांच्यातही नुसता दम किंवा नुसती गळून गेल्याची भावना हेच लक्षण असू शकतं. आणि केस पेपरवर 'ॲटिपिकल' लिहून मोकळं होऊ नका, २०२१ च्या अमेरिकन गाइडलाइननंही तो शब्द टाळायला सांगितलाय, हार्टचं वाटतंय, असू शकतं किंवा वाटत नाही, यातलं एक लिहा आणि का ते लिहा.

रिस्क फॅक्टर विचारताना बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सिगरेट हे सगळे विचारतात. तंबाखू मात्र नाव घेऊन विचारा. 'व्यसन आहे का' याला आजी नाहीच म्हणणार, पण 'मिश्री लावता का' विचारलं की हो येतं, आणि न ओढता चघळायच्या किंवा लावायच्या तंबाखूनंही हार्टचा धोका वाढतो. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांना ६५ च्या आत हार्टचा त्रास झालाय का? गोळ्या चालू आहेत की बंद केल्या? आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा येणाऱ्या वारकऱ्यांना हे आवर्जून विचारा, गोळ्या गावी तर राहिल्या नाहीत ना. पुरुषांना नातेवाईक बाहेर गेल्यावर सिल्डेनाफिल, टाडालाफिल (लैंगिक ताकदीसाठीच्या गोळ्या) घेतलंय का तेही विचारा, घेतलं असेल तर नायट्रेट द्यायचं नाही, बीपी धाडकन पडतं.

हार्ट सोडून जीव घेणारी बाकीची कारणं

सगळं लक्ष अटॅककडे असतं आणि हे राहून जातं. पुढे येणारा स्कोअर फक्त हार्टला रक्त कमी पडण्याबद्दल बोलतो, बाकी कशाबद्दलही नाही, हे लक्षात ठेवून मनातल्या मनात चार दारं ठोठवायची.

महाधमनी फाटणं, म्हणजे डिसेक्शन. क्षणात सुरू झालेलं, सुरुवातीलाच कमाल जोराचं, पाठीत गेलेलं, फाडल्यासारखं दुखणं, दोन हातांच्या बीपीत २० पेक्षा जास्त फरक, एका बाजूची नाडी मंद, सोबत हातापायात कमजोरी. दोन हातांचं बीपी यासाठी. अशी शंका असेल तर ॲस्पिरिन, हेपरिन (रक्त पातळ करणारी औषधं) हातात घेऊ नका, आधी सीटी.

फुफ्फुसात गुठळी. नुकतंच ऑपरेशन, प्लास्टरमधला पाय, एका पोटरीला सूज, कॅन्सर, गर्भनिरोधक गोळ्या, बाळंतपण. तुम्हाला मुळातच शक्यता कमी वाटत असेल तर पर्क नियम (गुठळी नाही हे ठरवायची आठ मुद्द्यांची यादी) लावा: वय ५० च्या आत, पल्स १०० च्या आत, ऑक्सिजन ९५ किंवा वर, खोकल्यातून रक्त नाही, इस्ट्रोजेनच्या गोळ्या नाहीत, पूर्वी गुठळी नाही, एका पायाला सूज नाही, चार आठवड्यांत ऑपरेशन किंवा मोठी जखम नाही. आठच्या आठ बसले तर डी-डायमरचीही (गुठळीची खूण शोधणारी रक्ततपासणी) गरज नाही. आठातला एक जरी बसला नाही तर डी-डायमर, आणि मुळातच शक्यता जास्त वाटत असेल तर पर्क लावायचाच नाही, थेट सीटी अँजिओ.

न्यूमोथोरॅक्ससाठी दोन्ही बाजूंना स्टेथो लावा आणि एक्स-रे काढा, उंच सडपातळ तरुण मुलगा अचानक दुखलं म्हणून आला की हे आधी आठवलं पाहिजे. जोरात उलट्या झाल्या आणि त्यानंतर छातीत दुखायला लागलं तर अन्ननलिका फाटली नाही ना, गळ्याशी त्वचेखाली हवा कुरकुरते का, हाताला बघा. आणि शर्ट वर करून छाती-पाठ बघाच, नागीण पुरळ यायच्या आधीही दुखते पण पुष्कळदा एखादा फोड आलेला असतो आणि कुणी कपडा बाजूला केलेला नसतो.

हार्ट स्कोअर

२००८ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी मांडलेला हा स्कोअर आता जगभर वापरतात. हिस्टरी, ईसीजी, वय, रिस्क फॅक्टर आणि ट्रोपोनिन, प्रत्येकाला ० ते २ मार्क.

हिस्टरी फारशी संशयास्पद नाही तर ०, मधली १, अगदी हार्टचीच वाटते तर २. ईसीजी नॉर्मल ०, नक्की काही न सांगणारा बदल किंवा एलबीबीबी (हृदयातल्या डाव्या विद्युतमार्गाचा अडथळा), एलव्हीएच (डाव्या कप्प्याची जाड झालेली भिंत) असेल तर १, एसटी ठळक खाली-वर असेल तर २. वय ४५ च्या आत ०, ४५ ते ६४ ला १, ६५ पासून पुढे २. रिस्क फॅक्टर एकही नाही ०, एक-दोन असतील तर १, तीन किंवा जास्त असतील, किंवा आधीच ब्लॉक, स्टेंट, बायपास, पॅरालिसिस झालाय, तर २. ट्रोपोनिन मर्यादेत ०, मर्यादेच्या तिपटीपर्यंत १, त्यावर २.

बेरीज ० ते ३ म्हणजे लो-रिस्क, ४ ते ६ मधला, ७ ते १० जास्त. लो-रिस्क गटात पुढच्या सहा आठवड्यांत मोठा हार्टचा त्रास व्हायचं प्रमाण शंभरात साधारण एक ते दोन. शून्य नाही, हे पेशंटलाही सांगायचंय.

आता आपल्याकडे वापरताना काय सांभाळायचं. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचं सरासरी वय ५३ होतं, बाकी जगात ते जवळपास ५९. म्हणजे आपले लोक लवकर आजारी पडतात आणि स्कोअर मात्र ४५ च्या आतल्याला शून्य देतो. हिंजवडीत रात्रीची शिफ्ट करणारा ३६ वर्षांचा मुलगा, टपरीवर दिवसाला दहा सिगरेट, वडिलांना पन्नाशीत बायपास, शुगर कधी तपासलीच नाही, याला वयाचा शून्य मिळेल, 'एकही आजार नाही' म्हणून रिस्कमध्येही कुणीतरी कमीच मार्क देईल, आणि वरून 'स्ट्रेस आहे' असं तो स्वतःच म्हणेल. त्याला घाबरवायचं नाही, पण तरुण आहे म्हणून दुसरा ईसीजी आणि दुसरं ट्रोपोनिन सोडायचं नाही. न तपासलेली शुगर म्हणजे नॉर्मल शुगर नव्हे.

दुसरं, हिस्टरीचा मार्क तुमच्या हातात असतो आणि रात्री तीन वाजता तो आपोआप कमी पडतो. स्कोअर ३ आला आणि मनात कुठेतरी खटकतंय, तर खटकणं ऐका, सीनिअरला फोन करा. ज्याला आधीच स्टेंट आहे, दुखणं चालू आहे, किंवा ईसीजीत नवीन बदल आहे, तो बेरीज कितीही आली तरी लो-रिस्क नाही.

ट्रोपोनिन कधी आणि कोणतं

तुमच्या हॉस्पिटलात कोणती टेस्ट आहे हे पहिल्याच दिवशी लॅबमध्ये जाऊन विचारा. हाय-सेन्सिटिव्ह असेल तर ठरलेल्या प्रोटोकॉलप्रमाणे १, २ किंवा ३ तासांनी दुसरं, साधं असेल तर ३ ते ६ तासांनी दुसरं. दुखणं सुरू होऊन ३ तास उलटून गेलेत, ईसीजी नॉर्मल आहे आणि हाय-सेन्सिटिव्ह ट्रोपोनिन मशीन मोजू शकतं त्याच्याही खाली आलं, तर एकाच टेस्टवर थांबता येतं. दुखणं तासाभरापूर्वीचं असेल तर एकाच टेस्टवर कधीच नाही.

छोट्या ठिकाणी कार्ड टेस्ट असते, एक रेघ की दोन रेघा. दोन रेघा आल्या तर त्या उपयोगाच्या, लगेच रेफर करा. एकच रेघ आली तर ती लवकर आलेल्या पेशंटमध्ये काहीही सिद्ध करत नाही, कमी प्रमाण तिला दिसतच नाही. कार्ड निगेटिव्ह म्हणून घरी, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही, तुमच्याकडे आकड्यात येणारी टेस्ट नसेल आणि हिस्टरी काळजी करण्यासारखी असेल तर जिथे ती आहे तिथे पाठवा, सोबत ईसीजीची कॉपी आणि दुखणं सुरू झाल्याची वेळ लिहून.

युनिट बघा. एका लॅबचं ०.०४ नॅनोग्रॅम प्रति मिली आणि दुसऱ्या लॅबचं ४० नॅनोग्रॅम प्रति लिटर हे एकच आहे, दोन वेगळ्या लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'वाढलं' किंवा 'कमी झालं' म्हणू नका, टेस्टच वेगळी असते. किडनीच्या पेशंटचं ट्रोपोनिन कायम थोडं वर असू शकतं, तिथे एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांतला फरक महत्त्वाचा.

मधल्या तासांत

पेशंटला मॉनिटरजवळ ठेवा, 'जरा खाली चहा पिऊन येतो' म्हटलं तर नम्रपणे थांबवा. हार्टचं असू शकतं असं वाटत असेल, डिसेक्शनची शंका नसेल, ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल, तर ॲस्पिरिन ३०० ते ३२५ मिलिग्रॅम चावून खायला द्या, गिळायला नाही. फॅमिली डॉक्टरनी पाठवतानाच लोडिंग (पहिला मोठा डोस) दिलंय का ते चिठ्ठीवर बघा, पुष्कळदा दिलेलं असतं आणि आपण परत देतो. दुखणं परत आलं तर सिस्टरनी तुम्हाला बोलवायच्या आधी ईसीजी लावायचा, हे सांगून ठेवा.

नातेवाईकांशी बोलणं

दोन्ही ट्रोपोनिन ठीक, दोन्ही ईसीजी ठीक, स्कोअर ३ किंवा कमी, दुखणं थांबलंय, बाकीची दारं ठोठावून झाली. आता सांगायचं काय? 'काही नाही, गॅस आहे' असं सांगू नका, तुम्हाला ते माहीत नाहीये. त्याऐवजी साधं बोला: 'काका, आत्ता अटॅक नाहीये. रक्ताची तपासणी दोनदा केली, कार्डिओग्राम दोनदा काढला, चारही चांगले आहेत. अशा शंभर लोकांतल्या एखाद-दोघांना पुढच्या महिना-दीड महिन्यात त्रास होऊ शकतो, म्हणून काय झालं तर परत यायचं ते नीट ऐका.' लोक हे शांतपणे ऐकतात, आकडा सांगितला की घाबरतात हा आपलाच समज आहे.

एक मुलगा म्हणेल ॲडमिटच करा, दुसरा म्हणेल बिल वाढवायचंय का. मेडिक्लेममध्ये बसावं म्हणून चोवीस तास ठेवा, अशीही विनंती येते. पैशाची अडचण खरी असते, ती ऐकून घ्या, पण ठेवायचं की सोडायचं हे तपासणीवरून ठरवा आणि तसंच सांगा. आणि ज्याला ठेवायला हवं तो जायचं म्हणतोय, तर डामाच्या (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाण्याच्या) फॉर्मवर सही घेऊन विषय संपवू नका. पैसे नाहीत म्हणून जातोय का विचारा, ससूनला किंवा पिंपरीत असाल तर वायसीएमला (दोन्ही सार्वजनिक हॉस्पिटलं) पाठवता येईल का बघा, निदान दुसऱ्या ट्रोपोनिनपर्यंत तरी थांबवा.

घरी सोडताना

प्रत्येक लो-रिस्क पेशंटला दुसऱ्या दिवशी टीएमटी (ट्रेडमिल टेस्ट) लागत नाही, ते त्याच्या डॉक्टरनी बघून ठरवू दे. पण फॉलोअपची तारीख लिहून द्या, 'गरज वाटल्यास' लिहू नका, दोन-तीन दिवसांत फॅमिली डॉक्टर किंवा ओपीडी. बीपी, शुगर वर आढळली असेल तर तेही त्याच कागदावर, आणि तंबाखूबद्दल आजच बोला, छातीत दुखून आलेल्या रात्री माणूस जेवढं ऐकतो तेवढं एरवी ऐकत नाही.

परत यायच्या सूचना मराठीत, मोठ्या अक्षरात. मी साधारण असं लिहितो: छातीत परत आवळलं, दडपण आलं आणि दहा मिनिटांत थांबलं नाही, घाम फुटला, दम लागला, हात-जबडा दुखायला लागला, चक्कर आली, तर गॅसची गोळी घेऊन वाट बघू नका, १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवत येऊ नका, हा कागद आणि ईसीजी सोबत आणा. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि फुकट आहे, तरी लोक रिक्षा शोधत बसतात, म्हणून तोंडानंही सांगा. हे सांगताना घरातला एक माणूस जवळ बोलवा आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्या. ईसीजीची कॉपी पेशंटच्या हातात द्या, पुढच्या वेळी दुसऱ्या कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला हाच जुना ईसीजी लागणार आहे.

केस पेपरवर दुखणं सुरू झाल्याची वेळ, दोन्ही ईसीजींच्या वेळा, दोन्ही ट्रोपोनिनचे आकडे वेळेसकट, स्कोअरचे पाचही मार्क वेगवेगळे, आणि डिसेक्शन, गुठळी का वाटली नाही याची एक ओळ. नुसतं 'हार्ट स्कोअर ३' लिहिलं तर सकाळी बघणाऱ्याला काहीच कळत नाही.

आणि ड्युटी बदलताना. सकाळी आठला तुम्ही निघता, पेशंटचं दुसरं ट्रोपोनिन नऊला आहे, नवीन डॉक्टरला वाटतं रिपोर्ट आलाय, सिस्टरना वाटतं डॉक्टरनी बघितलाय, आणि पेशंट मात्र पहिल्याच रिपोर्टवर घरी जातो. म्हणून पलंगाजवळ उभं राहून, पेशंटसमोर, नाव घेऊन हँडओव्हर द्या: 'यांचं दुसरं नऊ वाजता आहे, ते आल्याशिवाय सोडायचं नाही.' पेशंटनं ते ऐकलेलं असलं की नऊ वाजता तो स्वतःच विचारतो.